पन्नास माणसांचा समुद्र

माळवाडीच्या जयसिंग आबांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही अर्धवट झोपेत. विकास सोसायटीच्या संचालकांचा अभ्यास दौरा कोकणात गेला होता. कांदा पिकवणाऱ्यांनी कोकणात कसला अभ्यास करायचा, हे संचालकांना आजतागायत उमगलेलं नाही. बाकीचे पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले, आबा गाडीत घोरत राहिले. परत आल्यावर कुणी विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई ओ, नुसतं पाणी हाय. आन् ते बी प्यायला येत न्हाई."

असा हा माणूस माघ महिन्यात एका सकाळी पारावर आला आणि चहा घेणाऱ्या दहाबारा जणांना म्हणाला, "आमच्या नीलमचं लगीन समुद्राच्या कडंला करणार. पण एक अडचण हाय बघा. तिथं पन्नासच माणसं बसत्यात."

हे सांगताना आबांनी चेहरा इतका कष्टी केला होता की, समुद्र अरुंद निघाला याचं खरोखर वाईट वाटत असावं असं कुणालाही वाटलं असतं.

खरी गोष्ट दिवाळीत सुरू झाली होती. नीलम कुरकुंभला औषधाच्या कंपनीत, लॅबमध्ये. तिथंच कामाला असलेल्या सुमितशी लग्न करायचं, असं तिनं लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी फराळाच्या ताटावर सांगून टाकलं. मुलगा दौंडचा. वडील हौसराव ओव्हाळ, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आडनाव कानावर पडलं आणि आबांच्या तोंडातली चकली तिथंच राहिली. माणसं बौद्ध होती.

आता आबा जातपात मुळीच मानत नव्हते. हे त्यांनीच अनेकदा सांगितलेलं आहे. दर चौदा एप्रिलला मिरवणुकीपुढं नारळ फोडायचा मान त्यांचा, आणि 'आपण सगळी एका आईची लेकरं' हे भाषणही त्यांचंच. पंधरा वर्षं तेच भाषण, एक शब्द इकडचा तिकडं नाही. वर्षातनं एकदा, माईकवर, वीस मिनिटांत उरकत असेल तर जात न मानण्याइतकं सोपं काम दुसरं नाही. त्याची परीक्षा घ्यायला कुणी थेट घरात येईल, ही अपेक्षा मात्र आबांनी केली नव्हती.

तरी त्यांनी होकार दिला. मुलगा पाहिला, खोट काढायचा मनापासून प्रयत्न केला. पण पोरगं निर्व्यसनी, नोकरी पक्की, बोलायला नम्र. शेवटी "माझ्या पोरीचं सुख ते माझं सुख" असं ते म्हणाले आणि स्वतःच्या मोठेपणानं स्वतःच भारावून गेले. बायको राजश्रीनं डोळ्याला पदर लावला. नीलम तर त्यांच्या गळ्यातच पडली आणि म्हणाली, "आबा, मांडव आपल्या अंगणातच घालायचा हं. चिंचेखाली. बाकी मला काही नको."

तिथं घोडं अडलं. मुलगी देणं वेगळं आणि अंगणात मांडव घालणं वेगळं. मांडव म्हटला की भावकी आली, पाहुणेरावळे आले. कोण जेवणार, कोण नेमका त्याच दिवशी पोट बिघडलं म्हणणार, कोण हात धुताना काय पुटपुटणार, हे सगळं आबांना आत्ताच ऐकू येत होतं. त्यात जूनमध्ये सोसायटीची निवडणूक, आणि समोर दत्ताचं पॅनल. आबा महिनाभर तोंडावर हसू ठेवून आतनं झुरत राहिले.

आणि मग मोबाईलवर त्यांना समुद्र सापडला. कुण्या शेठच्या पोरीचं लग्न होतं. पांढरे पडदे वाऱ्यावर उडतायत, मोजकी माणसं खुर्च्यांवर बसलीत, मागं निळं पाणी. आबांनी ती चित्रफीत सात वेळा पाहिली. पडदे त्यांनी पाहिलेच नाहीत, खुर्च्या मोजल्या. समुद्राचा सगळ्यात मोठा गुण त्यांच्या चटकन लक्षात आला. तो माळवाडीपासून सहासात तासांवर आहे.

"पण आबा, अंगणात काय वाईट आहे?" नीलमनं विचारलं.

"अगं, जग कुठं चाललंय आन् तू चिंचंखाली बसून ऱ्हातीस," आबा म्हणाले. "चिंच काय, रोजचीच हाय. बापाला एकच लेक. जरा हौस करू दे की."

नीलमनं दोन दिवस विचार केला. बापानं इतकी मोठी गोष्ट मान्य केली, मग त्याच्या हौसेसाठी आपण एक झाड सोडायला काय हरकत आहे, असं तिला वाटलं. ती हो म्हणाली. त्या रात्री आबांना दिवाळीनंतर पहिल्यांदा धड झोप लागली.

तयारी जोरात सुरू झाली. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचा माणूस फोनवर हिंदीत बोले, आबा त्याला मराठीत उत्तरं देत, आणि दोघांचं उत्तम जमे. मंगलाष्टका म्हणायच्या की बौद्ध पद्धतीनं विधी करायचा, हा प्रश्न आबांनी दोन्ही रद्द करून सोडवला. निसर्गाच्या साक्षीनं हार घालायचे. म्हणजे भटजी नको, भंतेजी नको, कुणाच्या फोटोला हार नको. "समुद्राला कुठं जात असती?" असं ते वरचेवर म्हणू लागले. वाक्य चांगलं आहे हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

पत्रिका तर त्यांनी स्वतः बसून ठरवली. आमच्याकडं लग्नपत्रिका म्हणजे गावाची मतदार यादीच असते. चुलत्यांची, मामांची, मेव्हण्यांची नावं, त्यांच्याखाली आजी-माजी पदं, आणि सगळ्यात शेवटी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारं दीड वर्षाचं पोर. एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस पुढं मयतालाही येत नाही. आबांच्या पत्रिकेवर मात्र दोनच शब्द होते. नीलम. सुमित. खाली लाटा, वर पक्षी. आडनाव नाही, गाव नाही, आईबाप नाहीत.

"आजकाल असंच असतंय," आबा म्हणाले. "सुटसुटीत."

इथवर सगळं फक्कड जमलं होतं. फक्त आबांनी माळवाडीचा अंदाज घेतला नव्हता, आणि तेही तिथंच जन्मून, तिथंच अठ्ठावन्न वर्षं काढून. अंगणातल्या लग्नाला चारशे माणसं आली असती, जेवली असती, चार नावं ठेवून घरी गेली असती. समुद्राचं नाव निघालं आणि अख्खं गाव उठून बसलं. माळवाडीत निम्म्याहून जास्त माणसांनी समुद्र पाहिला नव्हता. जेजुरी झाली होती, वढूची समाधी झाली होती, पण समुद्र राहूनच गेला होता.

पहिली काडी दत्तानं टाकली. गावाच्या ग्रुपवर त्यानं हात जोडून लिहिलं, 'गावाच्या लेकीचं लग्न आणि गाव घरी? जयसिंग आबा मोठ्या मनाचा माणूस आहे, पन्नासचा आकडा पन्नासवर राहणार नाही. गाड्यांची काळजी नसावी. आमचं पॅनल बघून घेईल.' खाली एकशे बारा जणांनी अंगठे दिले.

आबा अंगठे बघत बसले. नको म्हणावं तर गाव हातचं जातं, हो म्हणावं तर गाड्या दत्ताच्या आणि नावही दत्ताचं. शेवटी त्यांनी दात आवळून ग्रुपवर टाकलं, 'गाड्या मीच लावणार आहे. कुणीही इतर मदत घेऊ नये.' तासाभरात तीन बस भरल्या. आठवड्यात आठ झाल्या.

मग गावाला दुसरा विषयच उरला नाही. किनाऱ्यावर चप्पल घालायची का काढायची, पाणी अंगावर घेतलं तर पाप धुऊन जातं का, मासळीचा वास आला तर माळकऱ्यांनी काय करायचं, यावर पारावर वाद झडू लागले. साखरबाई रोज संध्याकाळी येऊन खिडकीची जागा पक्की करून जायची. साखरबाई म्हणजे गावचीच लेक. तरुणपणी नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, आता पंच्याहत्तरीच्या घरात. आबा तिला आत्या म्हणत. तिनं समुद्रासाठी म्हणून हिरवं नऊवारी घेतलं होतं.

"जयसिंग, मला पहिल्या बशीत बशिव," ती म्हणायची. "डायवरच्या मागची खिडकी. समुद्र आला की मला आधी दिसला पायजे."

आबांना एकाच गोष्टीचा आधार होता. इतक्या गदारोळात नवरदेव कोण, कुठला, कुणाचा, हे एकानंही विचारलं नव्हतं. माणसं समुद्रात इतकी बुडालीत की त्यांना सुचलंच नाही, असा त्यांचा समज झाला. एके दिवशी त्यांनी साखरबाईला आडून विचारून पाहिलं.

"आत्या, नवऱ्या मुलाकडची माणसं… म्हंजी तुला काय ठावं हाय का?"

"दौंडच्या हौसराव गारडाचा पोरगा न्हवं?" साखरबाई तंबाखू मळत म्हणाली. "जयभीमवाली माणसं. दिवाळीपासनं समद्या गावाला ठावं हाय. तुझीच बायकू इहिरीवर रडली व्हती की."

आबा जवळ सरकले. "मंग कोण काय बोललं न्हाई ते?"

"बोलत व्हती की. तोंडं वाकडी करून हिंडत व्हती चार घरं. समुद्र फुकाट हाय म्हणल्यावर केली सरळ." तिनं तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. "तू जीव थोडा करू नगंस. मला खिडकी तेवढी दे."

म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना सगळं माहीत होतं, आणि ज्यांना न्यायचं नव्हतं ते सगळे येणार होते. शहाण्या माणसानं इथंच समुद्राला रामराम ठोकून चिंचेखाली मांडव घातला असता. आबांनी रिसॉर्टला फोन करून खुर्च्या वाढवल्या.

लग्न पंधरा दिवसांवर आलं तेव्हा हौसराव माळवाडीला आले. सोबत कुणी नाही, एकटेच; कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी. राजश्रीनं पाणी दिलं. गाडीचं, उन्हाचं, पाऊसपाण्याचं बोलून झालं. मग त्यांनी पिशवीतून ती लाटांची पत्रिका काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"पत्रिका झ्याक झालीया, जयसिंगराव. एवढंच इचारायचं व्हतं, आमच्या पोराला बाप न्हाई का?"

आबा हसले. "आता तशीच फॅशन हाय ओ. आमचं बी नाव कुठं हाय?"

"तुमचं नाव गावाला ठावं हाय. नाव न्हाई टाकलं तर फॅशन व्हती. आमचं न्हाई टाकलं की आम्हाला सवयीचं वाटतंय." हौसरावांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "इधी बी काढून टाकला म्हणं?"

"म्हणलं कुणालाच काय वाटाय नको. समुद्राला कुठं जात असती?"

"समुद्राला नसती. खरं हाय." त्यांनी दारातून बाहेर, चिंचेकडं पाहिलं. "अंगणाला असती का?"

नीलम चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला नाही आणि पुढंही आली नाही. बापाकडं बघत राहिली. ज्याला ती चार महिने हौस समजत होती, ते काय आहे हे तिला त्या एका प्रश्नात कळलं.

हौसराव चहा घेऊन, सगळ्यांना हात जोडून गेले. ते फाट्यापर्यंत पोचले नसतील तोवर नीलम म्हणाली, "आबा, समुद्र कशासाठी होता?"

"हौस म्हणून."

"खरं सांगा."

आबांनी पत्रिका उचलली, उलटी केली, सुलटी केली. लाटांकडं बघून ते म्हणाले, "इलेक्शन होऊन जाऊ दे. मग काय वाट्टेल ते कर. एक दिवसाचा तर प्रश्न हाय."

"बरोबर आहे. लग्न एकच दिवस असतं," नीलम म्हणाली. ती रडली नाही, आणि तेच आबांना जड गेलं. "तुम्ही गावाला शब्द दिलाय, गाव घेऊन जा समुद्रावर. मी दौंडला लग्न करते, त्याच दिवशी, साडेबाराला, सुमितच्या दारात. तुम्ही नुसतं 'मांडव अंगणात' एवढं म्हणा, मी दौंडचं रद्द करून इथं येते. आदल्या रात्री म्हणालात तरी चालेल."

दोन शब्द म्हणायचे होते. आबांनी ते पंधरा दिवस जिभेवर घोळवले. सकाळी वाटे, आता म्हणू. तेवढ्यात कुणीतरी बसची जागा बदलून मागायला यायचं. पोरगी रागात आहे, निवळेल, असं ते राजश्रीला सांगत राहिले. राजश्रीनं माळ्यावरची बॅग खाली काढली. आदल्या दिवशी दुपारी मायलेकी बॅगा घेऊन शिरूरच्या एसटीत बसल्या, तिथून पुढं दौंड. आबा ओट्यावर उभे होते. एसटी फाट्यावर वळेपर्यंत म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला शाळेच्या मैदानात आठ बस उभ्या राहिल्या. पोरं गॉगल लावून आली होती. सूर्य अजून उगवायचा होता, पण समुद्राला जायचं म्हणजे गॉगल हवा. दत्ता हातात माईक घेऊन कुणी कुठं बसायचं ते पुकारत होता, कारण गाड्या आबांच्या असल्या तरी आवाज त्याचा होता. साखरबाई हिरवं नऊवारी नेसून, डोक्याला तेल लावून, पहिल्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसली होती. मांडीवर भाकरीचं गाठोडं.

आबा पायरीवर चढले तशी तिनं विचारलं, "नवरी कंच्या बशीत हाय?"

"ती म्होरं गेली."

"म्होरं म्हंजी?"

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "दौंडला गेलीया. तिथंच हाय लगीन. आपलं नुसतंच फिरायचं हाय, आत्या."

बस हसली. साखरबाई हसली नाही. तिनं गाठोडं काखेत मारलं आणि सीटच्या दांड्याला धरून उठली.

"कुठं निघालीस आत्या? खिडकी हाय की," आबा म्हणाले.

"समुद्र काय पळून जात न्हाई, बाबा. पोरगी जाती." ती पायऱ्यांवर आली, आबांच्या अगदी समोर. "हो बाजूला. का येतुयास? सहाची यष्टी हाय शिरूरला."

त्या घटकेला आबांना खरोखर उतरायचं होतं. पाय उचललाही होता. पण मागं आठ बस, तीनशे ऐंशी माणसं, दत्ताच्या हातात माईक. यजमानच नाही म्हटल्यावर गाड्या हलणार कशा? आधी गाड्या मार्गाला लावू, मंचरला उतरून जीप करू, साडेबारापर्यंत दौंड सहज गाठू, असा त्यांनी हिशेब केला. साखरबाई एकटीच उतरली आणि फाट्याच्या दिशेनं चालू लागली. कुणीतरी ओरडलं, "आबा, नारळ फोडा!" आबांनी चाकाखाली नारळ फोडला. नारळ फोडायची त्यांना सवय होती.

मंचरला चहा झाला. जीपही उभी होती. पण एका पोराला उलट्या सुरू झाल्या, त्याच्या आईनं आबांनाच हाक मारली. मग त्यांनी ठरवलं, घाटाच्या आधी उतरू. घाटाच्या आधी त्यांनी ठरवलं की आता उशीर झाला. आपण भेकड आहोत हे त्यांना घाटाच्या तिसऱ्या वळणावर स्वच्छ कळलं. ते कळायला पोरीचं लग्न जावं लागलं, आणि कळून आता उपयोग काहीच नव्हता.

बारा वाजून गेल्यावर समुद्र आला. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत कुणीच नव्हतं, त्यामुळं तो आधी कुणालाच दिसला नाही.

माळवाडी पाण्यात शिरली. बायका हात धरून रांगेनं उभ्या राहिल्या, लाट आली की एकदम किंचाळायच्या. म्हातारे पाण्याची चव घेऊन थुंकत होते आणि पुन्हा चव घेत होते. पांढरे पडदे उडत होते, खुर्च्या मांडलेल्या होत्या, पैसे दिलेलं जेवण तयार होतं. एवढ्या खुर्च्या आणि माईक दिसल्यावर आमच्याकडं सत्कार होणार नाही, हे शक्यच नाही. दत्तानं माईक फुंकला. "गावाला समुद्र दाखवणारे, दिलदार वधुपिता, आदरणीय जयसिंग आबा, यांना विनंती आहे की त्यांनी व्यासपीठावर यावं." नवरानवरीसाठी फुलांनी मढवलेल्या दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर आबांना बसवलं. शाल पांघरली, हातात नारळ दिला. टाळ्या वाजल्या.

टाळ्या चालू असतानाच खिशातला फोन थरथरला. नीलमनं फोटो पाठवला होता. दोन खोल्यांचं घर, दारात निळा-पांढरा मांडव, पांढऱ्या साडीत नीलम, शेजारी सुमित, एका बाजूला हौसराव आणि त्यांची माणसं. दुसऱ्या बाजूला राजश्री, आणि राजश्रीच्या शेजारी, जिथं मुलीचा बाप उभा राहतो तिथं, हिरव्या नऊवारीत साखरबाई. काखेत अजून गाठोडं होतं. मागच्या भिंतीवर नवी पत्रिका चिकटवलेली. आबांनी बोटांनी फोटो मोठा केला. पत्रिकेवर त्यांचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, मुक्काम पोस्ट माळवाडी. नाव टाकणारे हौसरावच असणार.

फोटोखाली नीलमनं लिहिलं होतं, 'साखरआत्या विचारतायत, समुद्र कसा हाय.'

आबांनी समोर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळे भरून आल्यामुळं त्यांना फारसं दिसलं नाही. मग नारळ मांडीवर ठेवून त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'नुसतं पाणी हाय.'

उत्तर लगेच आलं.

'आत्या म्हणतायत, मग त्येवढ्यासाठी येवढ्या लांब कशाला गेलास?'